मदत हवी आहे: दूध-दही-तूप न वापरता रोजचा नाश्ता, पोहे-उपम्यापलीकडे काय?

सकाळचीघाई:

घरात माणसं तीन, त्यातली दोन पूर्ण व्हीगन. म्हणजे दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मध, अंडं यातलं काही नाही. ठिकाण पुणे. साडेसातला डबे भरून घर सुटतं, त्यामुळे सकाळी हातात २५ मिनिटं, रात्री हवा तेवढा वेळ. मिक्सर, कुकर, बिडाचा एक तवा आहे, ओव्हन नाही. शेंगदाणे-नारळ चालतात, ओट्स कुणालाच आवडत नाहीत.

आत्ता पोहे, उपमा, पोहे, शेवयांचा उपमा, पुन्हा पोहे असं चाललंय. अडचणी अशा:

१. उकड, धिरडी, ढोकळा सगळ्यात ताक किंवा दही लागतं. लिंबू पिळून ती चव येत नाही.
२. थालीपिठावर लोणी नाही तर कोरडं लागतं.
३. अकरा वाजता परत भूक लागते.
४. चहा. सोयाचं दूध घातलं की फाटतो.

इंटरनेटवरचे स्मूदी बोल आणि चिया पुडिंग नकोत. गरम आणि तिखट-मीठाचं हवंय.

खमंगभाजणी:

तुमच्या यादीतच उत्तर आहे. मराठी नाश्ता नव्वद टक्के व्हीगनच असतो, अडतं ते चार ठिकाणी: ताकाचा आंबटपणा, लोण्याचा ओशटपणा, डाळीचं प्रमाण आणि चहातलं दूध. ही चार भोकं बुजवा, नव्या पाककृती शोधत बसू नका.

आंबटपणाचं आधी. लिंबाने ताकाची चव येत नाही, कारण ताकाचा आंबटपणा आंबवण्यातून येतो. शिवाय लिंबू शिजवलं की कडवटपणा उतरतो. म्हणून पीठच आंबवायचं. उकडीसाठी रात्री १ वाटी तांदळाचं पीठ दीड वाटी पाण्यात कालवून झाकून ओट्यावर ठेवा. उन्हाळ्यात ८ तासांत आंबूस वास येतो, थंडीत १२ तरी लागतात. आदल्या आंबवलेल्या पिठाचे दोन चमचे त्यात घातले तर काम लवकर होतं. सकाळी आणखी दीड वाटी पाणी आणि मीठ घालून गुठळ्या मोडा. २ मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला ७-८ पाकळ्या लसूण, कढीपत्ता, ३ हिरव्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की आच मंद करून पीठ ओता आणि हात थांबवू नका. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून ६-७ मिनिटं वाफ. चकाकी आली, पळीला चिकटेनाशी झाली की शिजली. खाताना वरून कच्चं शेंगदाणा तेल. तूप आठवणारही नाही.

गुठळ्या होतात त्या पीठ गरम फोडणीत कोरडं टाकल्यामुळे. आणि उकड पिठूळ लागली तर ती वाफेला कमी पडलेली असते, पाण्याला नव्हे.

थालीपीठ कोरडं लागतं याचं कारण बहुतेकदा लोणी नसून पीठ असतं. भाजणी जास्त भाजली गेली किंवा जुनी झाली की पाणी धरत नाही. १ वाटी भाजणी, बारीक चिरलेला १ मोठा कांदा, मूठभर कोथिंबीर, १ चमचा तीळ, १ चमचा तेल, आणि भिजवायला कोमट पाणी. भिजवून १० मिनिटं ठेवायची. थापल्यावर मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडून प्रत्येकात तेल सोडायचं. भोकं शोभेची नाहीत, मधला भाग त्यांच्यामुळेच कुरकुरीत होतो. वर लोण्याऐवजी: अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, २ लसूण पाकळ्या, मीठ, पाव वाटी कोमट पाणी मिक्सरला अगदी गंधासारखं वाटून २ चमचे तेल घालून फेटायचं. पांढरं, ओशट, बोटाने चाटण्यासारखं होतं.

मालवणीघावन:

कोकणाला विसरलात! तिथल्या नाश्त्यात दुधाचं काम नारळ करतो.

घावनं: १ वाटी तांदळाचं पीठ (धुऊन सावलीत वाळवून दळलेल्या तांदळाचं), पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ. बस. पीठ ताकासारखं पातळ हवं. तवा चांगला तापवा, पाण्याचे शिंतोडे उडून नाचले पाहिजेत. कांदा अर्धा कापून त्याच्या तोंडाने तेल पुसा. पीठ कडेकडून सुरू करून मध्याकडे ओता, पळीने पसरू नका. पसरायला गेलात की जाळी मोडते. झाकण, एक-दीड मिनिट, कडा सुटल्या की काढा. उलटायचं नाही.

प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळा. पीठ खाली बसतं, वर नुसतं पाणी राहतं, मग पहिली चार घावनं फाटतात आणि शेवटची चार भाकरीसारखी होतात. हीच चूक सगळे करतात आणि तव्याला दोष देतात.

सोबत गोडाचा रस: एका नारळाचं पहिलं दाट दूध, त्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ विरघळवून वेलची आणि चिमूटभर मीठ. गॅसवर ठेवायचाच नाही. नारळाचं दूध खळखळ उकळलं की तेल सुटून फुटतं. हाच रस शिरवाळ्यांबरोबरही (तांदळाच्या उकडीच्या शेवया).

तिखट हवं तर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आंबोळीला ३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, १ चमचा मेथी, ६ तास भिजवून वाटून रात्रभर आंबवणे. दही-ताकाचा संबंधच नाही. वाटाणे १२ तास भिजवून कुकरला ६ शिट्ट्या. खोबऱ्याचं वाटण रविवारी करून फ्रीझरमध्ये ठेवलंत तर सकाळी उसळ १५ मिनिटांत होते.

पेठेतलातवा:

अकरा वाजताच्या भुकेबद्दल. एका माणसाचे पोहे म्हणजे साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे, त्यात प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. भूक लागणारच. त्याच पोह्यांत २५ ग्रॅम शेंगदाणे घातलेत तर आणखी सहा ग्रॅम होतात. वर मोड आलेल्या वाफवलेल्या मटकीची मूठ टाकली की ताट बदललं. लिंबू पिळाच, कडधान्यातलं लोह त्याने जास्त अंगी लागतं. आणि लगेच वर चहा नको, चहा तेच लोह अडवतो.

पण खरा पर्याय हिरव्या मुगाचं धिरडं. आंध्रात यालाच पेसरट्टू म्हणतात. माणशी ६० ग्रॅम मूग म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. १ वाटी मूग आणि २ मोठे चमचे तांदूळ रात्री भिजत घाला. सकाळी इंचभर आलं, ३ मिरच्या, जिरं, मीठ, अर्धी-पाऊण वाटी पाणी घालून वाटा. आंबवायचं नाही, दही घालायचं नाही. वरून बारीक कांदा दाबून बसवा.

आणि टोमॅटो ऑम्लेट विसरू नका. नावात ऑम्लेट असलं तरी अंडं नाही. १ वाटी बेसन, २ चमचे रवा, २ टोमॅटो, कांदा, ओवा. रव्याने कडा कुरकुरीत होतात. काळं मीठ घातलंत तर अंड्याचा वासही येतो, हवा असेल तर.

सकाळचीघाई:

खूप आभार. उकड जमली, रंग जरा पिवळट जास्त पण चव बरोबर. धिरडं मात्र फसलं: पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं पळीबरोबर गोळा होऊन वर आलं. मुगाला मोड आले होते, त्यामुळे का? ढोकळ्यासाठी दह्याला काय? चहाचं कुणी सांगितलं नाही.

पेठेतलातवा:

दोन वेगळ्या चुका आहेत. पहिलं चिकटलं म्हणजे तवा थंड. दुसरं गोळा झालं म्हणजे तवा जास्त तापला, पीठ टेकताक्षणी शिजलं आणि पळीला धरलं. बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक धिरड्याआधी पाण्याचा हबका मारून फडक्याने पुसा, आच कमी करा, पीठ पसरा, मग आच वाढवा.

मोडाचंही बरोबर. मोड आले की मुगातला चिकटपणा कमी होतो, धिरडं तुटतं. लांब मोड असतील तर तांदळाचं पीठ २ चमचे जास्त घाला, किंवा ते मूग उसळीला वापरा.

चोथा:

दह्याला शेंगदाण्याचं दही. नीट केलंत तर ढोकळा, कढी, दडपे पोह्यांबरोबरची कोशिंबीर, सगळं निभतं.

१ वाटी कच्चे शेंगदाणे (साधारण १५० ग्रॅम). आधी निवडा. काळा, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा एकही नको. चव जाते आणि बुरशीचं विष उकळून जात नाही. ८ तास भिजवा, सालं चोळून काढा, पाणी फेका. १ वाटी पाण्यात गंधासारखं वाटा, मग अडीच वाट्या पाणी घालून फडक्यातून पिळा. दूध जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर १० मिनिटं उकळा आणि सतत ढवळा, नाहीतर बुडाला लागतं आणि करपट वास सगळ्या दुधाला येतो. उकळी कमी पडली तर दह्याला कच्च्या दाण्याचा वास राहतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

करंगळी सहज सहन करेल इतकं कोमट झालं की विरजण. पहिल्यांदा विरजण नसतं, तेव्हा ५-६ हिरव्या मिरच्या देठासकट, देठ बुडतील अशा टाका. देठांवरचे जिवाणू काम करतात, म्हणून मिरच्या हलक्या धुवा, घासू नका. ८ ते १० तास उबेत. हे पहिलं दही पातळ आणि जरा मिरचीच्या वासाचं होतं. ते खायला नव्हे, विरजण म्हणून वापरा. त्याचे २ चमचे घालून लावलेलं दुसरं दही घट्ट लागतं.

म्हशीच्या दुधासारखी कवडी पडणार नाही. खाली पाणी सुटतं, ते नासलेलं नसतं, ढवळून घ्या किंवा फडक्यात टांगा. गुलाबी किंवा काळे ठिपके, केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका. तार सुटत असेल तर ते विरजण बदला.

ढोकळ्याला १ वाटी बेसनाला पाव वाटी हे दही आणि अर्धी वाटी पाणी. फ्रूट सॉल्ट घातल्यावर पातेलं थेट उकळत्या पाण्यावर, मिनिटभरही थांबायचं नाही.

उरलेला चोथा फेकू नका. थालिपिठात, चटणीत, वड्यात जातो. (नाव उगीच नाही घेतलं.)

खमंगभाजणी:

विकतची प्रीमिक्स वापरत असाल तर मागची यादी वाचा, ढोकळ्याच्या मिक्समध्ये दुधाची पावडर असू शकते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे: चौकोनात हिरवा व्ही आणि त्याला पान. त्याचे नियम एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये केले. पण छोट्या गिरणीच्या भाजणीवर ते शोधू नका, तिथे सरळ विचारायचं. पावाचंही तसंच: बेकरीत दूध पावडर घालता का, वरून काय लावता, हे दोन प्रश्न.

चोथा:

चहा राहिला. सोयाचं दूध फाटतं कारण चहा आम्लधर्मी, आणि उकळत्या तापमानात सोयाची प्रथिनं पटकन साकळतात. आपली एकत्र उकळण्याची पद्धत इथे चालत नाही. १ कप पाण्यात आलं आणि साखर घालून ३ मिनिटं उकळा, पावडर टाकून मिनिटभरात गॅस बंद, गाळा. दूध वेगळं गरम करा, उकळू नका, आणि चहा दुधात हळूहळू ओता, दूध चहात नाही. पाकीट आधी हलवा, तळाशी साका असतो. पाकिटावर दूध असं लिहिलेलं नसेल, 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' बघा. बिनसाखरेचं घ्या.

घरी सोया दूध करणार असाल तर भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटू नका, तो हिरवट वास वाटताना तयार होतो. उकळत्या पाण्यात वाटा आणि दूध २० मिनिटं उकळा, कच्चं सोयाबीन पचत नाही. इतका खटाटोप नको असेल तर काजू: १० काजू भिजवून १ कप पाण्यात वाटले की गाळायचीही गरज नाही. फाटत नाही, फक्त उकळला की घट्ट होतो, म्हणून शेवटीच घाला.

पेठेतलातवा:

विषय नाश्त्याचा आहे, तरी एक गोष्ट. बी-१२ हे जीवनसत्त्व यातल्या कशातूनही पुरेसं मिळत नाही. इडली-आंबोळीचं पीठ आंबवल्याने मिळतं असं सांगतात, त्यावर विसंबू नका, स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीवरही नाही. दोघांचीही रक्त तपासणी करून डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, ते बघून घ्या. कॅल्शियमला नाचणी आहेच, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. आंबोळीच्या तांदळातली एक वाटी कमी करून नाचणी घाला. रंग मातकट होतो, चव नाही बिघडत.

सकाळचीघाई:

मिरचीच्या देठांचं दही आज लावलंय. सध्याचा बेत: सोमवारी उकड, मंगळवारी मुगाचं धिरडं, बुधवारी मटकी घातलेले पोहे, गुरुवारी थालीपीठ, शुक्रवारी आंबोळ्या. शनिवार रिकामा आहे.

मालवणीघावन:

शनिवारी घाई नसते ना? मग घावनं आणि रस. नारळ शुक्रवारी रात्री खवून ठेवा, दूध मात्र सकाळीच काढा, रात्रीचं काढून ठेवलेलं आंबतं.