सल्ला हवा: जेनेरिकला इंटरफेसची अट लावू की थेट इंटरफेसच घेऊ?

कोडखोर: भाषा सी शार्प. 'आयमोजमाप' नावाचा इंटरफेस (कुठल्या मेथड असायलाच हव्यात याचा करार) आहे. तो पाळणारे काही क्लास, काही स्ट्रक्ट (असाइन करताना ज्यांची प्रत निघते ते). यादीतून सगळ्यात मोठा नग शोधून परत देणारी मेथड लिहायचीय. मेथड जेनेरिक करून, म्हणजे प्रकाराच्या जागी 'टी' ठेवून, 'व्हेअर टी : आयमोजमाप' ही अट लावू, की पॅरामीटरच इंटरफेसचा ठेवू? प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर आहे, ते बदलणार नाही. कृपया नवी आवृत्ती सुचवू नका.

सदा_अद्ययावत: डॉट नेट ७ वर जा हो. सी शार्प ११ पासून इंटरफेसमध्ये स्टॅटिक अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेंबर आलेत, 'आयनंबर' हा संख्यांच्या प्रकारांचा इंटरफेस मिळतो. आम्ही गेलो आणि सुटलो.

कोडखोर: दादा, प्रश्न वाचलात का?

बीनवाला: जावात इंटरफेसची अट घालतानाही 'एक्स्टेंड्स'च लिहितात. कम्पाइल झालं की टी पुसला जातो, कटकट नाही.

सदा_अद्ययावत: पुसला जातो हीच तर कटकट! 'न्यू टी' करून, म्हणजे टीची नवी वस्तू बनवून दाखवा.

शून्यसूचक: भांडण दुसरीकडे. मुद्दा असा: थेट इंटरफेस घेतलात तर परतही इंटरफेसच येणार, मग बोलावणाऱ्याने कास्ट करायचं, म्हणजे मूळ प्रकारात वळवायचं. अट लावली तर, समजा, 'पेटी' या क्लासची यादी दिल्यावर पेटीच परत मिळते. शिवाय 'लिस्ट<पेटी>' ही 'लिस्ट<आयमोजमाप>'च्या जागी चालत नाही.

अर्धविराम: लिस्ट नाही चालत, पण 'आयइन्युमरेबल' (नग एकेक करून देणारा इंटरफेस) चालतं. २०१० च्या सी शार्प ४ पासून.

शून्यसूचक: क्लास असेल तरच. स्ट्रक्टच्या यादीला ती सवलत नाही, आणि यांच्याकडे स्ट्रक्ट आहेत. इंटरफेसमध्ये कोंबलेला प्रत्येक स्ट्रक्ट बॉक्स होतो, म्हणजे वेगळ्या वस्तूत गुंडाळला जातो, तो वेगळाच. अट लावलेल्या टीवर मेथड बोलावली तर ते बॉक्सिंग टळतं.

जुनाजाणता: लावा अट आणि भोगा. एका मेथडला लावली की तिला टी पुरवणाऱ्या प्रत्येक जेनेरिक क्लासच्या डोक्यावर तीच ओळ. आमच्या एका क्लासला पाच टाइप पॅरामीटर आहेत, त्याला हात लावायला कुणी धजत नाही. नुसतं मोजून छापायचं असेल तर थेट इंटरफेस बरा.

नवा_गडी: थेट इंटरफेस घेतला तर कास्ट करावं लागतं, हे कुणी बोललंच नाही!

अर्धविराम: वर वाचा.

कोडखोर: क्लाससाठी एक आणि स्ट्रक्टसाठी एक, अशा एकाच नावाच्या दोन मेथड लिहिल्या तर?

शून्यसूचक: बाकी सगळं सारखं आणि फक्त अट वेगळी असेल तर कम्पायलर अडवतो. अट सिग्नेचरमध्ये, म्हणजे नाव आणि पॅरामीटर यांवरून ठरणाऱ्या मेथडच्या ओळखीत, धरली जात नाही. तुम्हाला एकच मेथड पुरेल: 'आयइन्युमरेबल<टी>' घ्या, टी परत द्या, अट आयमोजमापची.

कोडखोर: सर्वांचे आभार. स्ट्रक्टचेच क्लास करतोय. पॅरामीटर थेट इंटरफेसचा, कास्ट एकाच ठिकाणी लागेल.

शून्यसूचक: मग एवढं सगळं लिहिलं कशाला मी? असो. क्लास केलेत की असाइन करताना प्रत निघणार नाही, दोन्हीकडे तीच वस्तू असेल. जिथे किंमत बदलता त्या जागा तपासा.

सदा_अद्ययावत: डॉट नेट ७ वर असतात तर...