फणसांब्याबद्दल थोडी भर

फणसांब्याचा काढा घेतला तर संधिवाताची सूज उतरेल का, असं ताईंनी विचारलंय. आमच्या आजऱ्याकडं जुन्या फणसाच्या खोडावर ही बुरशी खुरासारखी कडक येते, वरून काळपट, खालून तपकिरी. बाळाची लाळ फार गळायला लागली की आजी सहाणेवर पाण्यात उगाळून बोटानं तोंडात लावायची. परंपरा आहे, पण ती एवढ्याशा लेपाची. पेलाभर काढ्याची नव्हे.

फणसांबा फेलिनस नावाच्या बुरशींच्या गटातला. या गटात हिस्पिडिन नावाचं द्रव्य सापडतं. पेशींवरच्या प्रयोगांत ते सूज वाढवणारे संकेत कमी करतं. गॅनोडर्मा या दुसऱ्या औषधी बुरशीतली गॅनोडेरिक आम्लंही तसंच करतात, पण ती पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात. गरम पाण्यात येतात ती मुख्यतः बीटा-ग्लुकन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. त्यामुळं अल्कोहोलच्या अर्काचे निकाल दाखवून काढ्याची पावडर विकणं मला अजिबात पटत नाही. शिवाय पेशींवर दिसलं ते माणसाच्या गुडघ्यात दिसेलच असं नाही.

आणि ताई, आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. गॅनोडर्मानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच पावडर सुरू करू नका, आणि संधिवाताची गोळी तर मुळीच बंद करू नका.