शिशावरील लोहअणूंची साखळी: टोकाचा संकेत पुरेसा आहे का?

प्रश्न: २०१४ साली प्रिन्स्टनमध्ये अली याझदानी यांच्या गटाला अतिसंवाहक (विद्युतरोध नसलेल्या) शिशाच्या पृष्ठभागावरील लोहअणूंच्या साखळीच्या टोकांशी शून्य ऊर्जेचा संकेत मिळाला. तो मायोराना अवस्थेचाच (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असल्यासारखी वागणारी, अशा साखळीच्या टोकांशी अपेक्षित असलेली अवस्था) आहे, असे ठामपणे का म्हणता येत नाही?

प्रतिसाद १: कारण अतिसंवाहकातील चुंबकीय अणूभोवती यू-शिबा-रुसिनोव्ह अवस्था (त्या अणूशी बांधलेल्या, कमी ऊर्जेच्या साध्या अवस्था) तयार होतात, आणि त्यांपैकी एखादी योगायोगाने शून्याजवळ आली, तर मोजमापात ती मायोरानासारखीच दिसू शकते.

प्रतिसाद २: म्हणूनच हॅम्बुर्गच्या गटाची पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्यांनी रेनियमवर लोहाचे अणू एकेक करून मांडले, त्यामुळे साखळी लांबवत नेताना संकेत टोकालाच राहतो का, हे पडताळता येते.

प्रश्नकर्ता: म्हणजे एकाच टोकाचे मोजमाप पुरेसे नाही?

प्रतिसाद १: नाही, दोन्ही टोकांचे संकेत आणि मधल्या भागातील स्पष्ट ऊर्जा-फट (ज्यात इलेक्ट्रॉनच्या अवस्थाच नसतात असा ऊर्जेचा पट्टा), असा एकत्रित पुरावा हवा.