‘डेमोस’ म्हणजे अवघे नागरिक की केवळ गोरगरीब?

धागाप्रवर्तक:
‘डेमोक्रसी’ म्हणजे लोकशाही या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘डेमोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सामान्य जनता’ असा सर्रास सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. ग्रीसमधील पिलोस येथील, सुमारे इ.स.पू. १२००च्या, लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीतील मातीच्या पाट्यांवर ‘डेमोस’चे जुने रूप ‘दामो’ म्हणजे जमीन सामाईक धारण करणारा गावसमाज आहे. एरिथा नावाची पुजारीण आपली जमीन देवाच्या नावची असल्याचे सांगते आणि दामो ती आपण कसायला दिल्याचे सांगतो, असा वादच एका पाटीवर नोंदलेला आहे. प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातही हा शब्द प्रदेशासाठी येतो. म्हणजे मुळात भूमी आणि तिथला समाज मिळून डेमोस होतो. त्यात उच्चनीच नाही.

प्रतिसाद १:
मूळ मान्य आहे, निष्कर्ष नाही. होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियस राजांना आणि मानकऱ्यांना सौम्य शब्दांत थांबवतो, परंतु ‘डेमोसचा माणूस’ ओरडताना दिसला की त्याला राजदंडाने मारतो. भेद इतका जुना आहे. पुढे तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने तर लोकशाहीची व्याख्याच ‘गरिबांची सत्ता’ अशी केली.

धागाप्रवर्तक:
अ‍ॅरिस्टॉटल लोकशाहीचा टीकाकार होता, हे विसरू नये. अथेन्सचे ठराव ‘डेमोसने ठरवले’ अशा शब्दांनी सुरू होत, आणि तिथे श्रीमंत-गरीब सर्व नागरिकांची सभा अभिप्रेत असे. इ.स.पू. ५०८-०७च्या सुमारास अथेन्सचा नेता क्लेइस्थेनिस याने केलेल्या सुधारणांनंतर नागरिकाची ओळख ज्या गाव-मोहल्ल्याच्या नोंदणीवर ठरू लागली, त्या १३९ घटकांनाही ‘डेमोस’ हेच नाव होते.

प्रतिसाद २:
‘सर्व’ म्हणताना जपून बोलावे, ही कळकळीची विनंती. स्त्रियांना सभेत मत नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे परके रहिवासी बाहेरच होते, आणि इ.स.पू. ४५१च्या अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्या नागरिकत्वाच्या कायद्याने नागरिक ठरण्यासाठी आईवडील दोघेही अथेन्सचे असणे आवश्यक ठरले. अथेन्सजवळील लॉरिअनच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या गुलामाहून गरीब कोण असणार? तरीही तो डेमोसमध्ये नव्हता.

प्रतिसाद १:
हा आक्षेप रास्त आहे, नागरिकांपुरतेच बोलू. इ.स.पू. ४११ मध्ये अथेन्समध्ये चारशे जणांनी सत्ता बळकावली, तेव्हा इतिहासकार थ्युसिडिडीसने त्या कृत्याला ‘डेमोस मोडणे’ म्हटले. कट करणारे स्वतः नागरिकच होते आणि नागरिकत्व त्यांनी आपल्याकडे राखले. मोडली गेली ती त्यांच्याखालच्या बहुसंख्यांची सत्ता, आणि तिलाच त्या काळचे ग्रीक डेमोस म्हणत होते.