सौर विजेवर समुद्राचं पाणी गोडं करायचं, तर बॅटरी नको, टाकी बांधा

दर्या:
समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आरओला (दाबाने पाणी बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून ढकलून क्षार वेगळे करणाऱ्या यंत्रणेला) त्यासाठी ५५ ते ७० बार दाब आणि घनमीटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. सौर विजेसाठी बॅटरी लावणं महागात जातं, पाणी साठवणं सोपं. उन्हात प्लांट चालवा, टाकी भरा, रात्री टाकीतून पुरवा. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) असला की ढग आल्यावर प्लांट बंद पडत नाही, फक्त वेग उतरतो.

मापाडी:
मेम्ब्रेनचा हिशोब राहिला. दिवसाला १००० घनमीटर पाणी चोवीस तासांत काढायला ताशी ४२ घनमीटरचा प्लांट पुरतो. सहा तासांत काढायचं तर ताशी १६७. म्हणजे मेम्ब्रेन, हाय प्रेशर पंप, आधीचे फिल्टर, समुद्रातली लाइन, सगळं चौपट, आणि अठरा तास पडून! वेग उतरवणंही फुकट नाही. दाब घटला की पाणी कमी येतं, पण क्षार जवळपास तेवढेच झिरपतात, म्हणून तयार पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढतो. बंद मेम्ब्रेनवर जंतूंचा थर धरतो, आणि क्लोरीनने तो मारू गेलात तर मेम्ब्रेन ज्याचं बनतं ते पॉलिअमाइडच खराब होतं.

दर्या:
त्यासाठीच बंद करताना तयार पाण्याने फ्लशिंग करायचं, आतलं खारं पाणी पुरतं निघेपर्यंत. हे रोज आपोआप होईल असं बसवता येतं.

मापाडी:
फ्लशिंगने थर टळेल, चौपट खर्च कसा टळणार? ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा समुद्राचं पाणी गोडं करणारा क्विनाना प्लांट (२००६) बघा. एमू डाउन्सच्या पवनचक्क्या वीज ग्रिडला देतात, प्लांट ग्रिडवर अखंड चालतो.

निचरा:
दोघंही समुद्रालाच धरून बसलात. सांडपाणीच शुद्ध करा. त्यात क्षार लिटरला एखादा ग्रॅम, त्यामुळे दाब कमी लागतो. अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळणी), आरओ आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) धरून घनमीटरला एक-दीड युनिट. त्याच पॅनेलवर दुपटीहून जास्त पाणी! शिवाय गाळापासून बायोगॅस मिळतो, जनरेटर रात्रीही चालतो. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात घेतंय. तिथल्या २००२ च्या प्लांटमध्ये ओझोन, कार्बन आणि अल्ट्राफिल्ट्रेशन आहे, आरओ नाही. म्हणून टाकून द्यायचं खारं पाणीही नाही.

दर्या:
बागेत मुरलेलं, वाफ झालेलं पाणी गटारात येत नाही. आलेल्यातलंही आरओ पंधरा-पंचवीस टक्के सोडून देतो. ही तूट कुठून भरणार?

निचरा:
तूट समुद्रातून भरा, पण तेवढीच. मग तुमचा प्लांट लहान होतो आणि मापाडींचा चौपट खर्चही आवाक्यात येतो. सांडपाण्याच्या आरओला मात्र फार ताणू नका, म्हणजे त्यातून शेवटचा थेंब काढायला जाऊ नका. शेवटच्या मेम्ब्रेनवर कॅल्शियम फॉस्फेट बसतं, म्हणून फॉस्फेट आधीच्या जैविक टप्प्यातच काढा.