छोट्या तैलचित्रात शेत-झाडं प्लास्टिकची दिसतात, हिरवा कुठे चुकतोय?

ओला_पॅलेट:
विषय ठरलेला, रोजच्या पाहण्यातला: शेत, मधून बांध, पलीकडे झाडांची रांग, त्यामागे टेकडी. ६×८ इंची तयार कॅनव्हास बोर्ड, पांढराच. रंग: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), सॅप ग्रीन, व्हिरिडियन (निळसर हिरवा), अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). जागेवर बसून अडीच तास काम. हिरवे कच्चे दिसतात, टेकडी मागे न जाता झाडांना येऊन चिकटते आणि वाळल्यावर गडद भाग खडूसारखे फिके पडतात. काय बदलावं?

बांधावरचा:
सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन निदान १० चित्रं होईपर्यंत पेटीतच राहू द्या. ट्यूबमधला हिरवा सगळीकडे एकसारखा लागतो, म्हणून प्लास्टिक वाटतो. अल्ट्रामरीन किंचित तांबड्याकडे झुकतो, त्यामुळे पिवळ्यात मिसळला की हिरवा आपोआप दबतो. शेतात दिसतो तो हाच.

उन्हातल्या गवताला ३ भाग ऑकर, १ भाग लेमन आणि पॅलेट नाइफच्या (रंग मिसळायच्या बोथट पातीच्या) टोकाला येईल एवढाच अल्ट्रामरीन. झाडाच्या सावलीला २ भाग अल्ट्रामरीन, १ भाग बर्न्ट सिएना, थोडा ऑकर. पांढरा अजिबात नाही. हिरवा उजळायचा तर आधी पिवळा घाला, पांढरा शेवटी. थेट पांढरा घातला की रंग थंड आणि पिठूळ होतो. तरीही भडक वाटला तर सिएनाचा एक कण पुरतो.

आणि हे गोळे ब्रश उचलण्याआधी नाइफने मिसळून ठेवा: आकाश, जमीन, टेकडी, झाडं, प्रत्येकी एक. एवढ्याशा बोर्डावर चार टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या चार पायऱ्या, पुरतात.

तिसरा_प्रहर:
वरच्या उत्तराशी सहमत, पण तुमचं मुख्य दुखणं रंगापेक्षा टोनचं वाटतं. उघड्या उजेडात बहुतेक वेळा आकाश सर्वांत उजळ. त्याखालोखाल आडवी जमीन, कारण वरचा उजेड तिच्यावर थेट पडतो. मग टेकडीचा उतार, आणि उभी झाडं सर्वांत गडद. ओळखीच्या जागेत इथेच फसगत होते. टेकडीवर दाट झाडी आहे हे माहीत असतं, म्हणून ती गडद रंगवली जाते. बांधावर सात झाडं आहेत हे माहीत असतं, म्हणून सातही मोजून येतात. डोळे बारीक करून पाहिलं तर तिथे एकच गडद पट्टा असतो आणि त्यातून फार तर दोन शेंडे वर आलेले.

टेकडीचा रंग नाइफच्या टोकावर घ्या, हात लांब करा, एक डोळा मिटा आणि ठिपका टेकडीच्या कडेला लावून धरा. ठिपका टेकडीत विरून गेला की रंग जमला. नाइफवर मात्र टेकडीवर आहे तसाच उजेड हवा; आपण सावलीत आणि टेकडी उन्हात असेल तर ठिपका उगाच गडद दिसतो. अंतर वाढतं तसा पिवळा आधी कमी होतो आणि गडद भाग उजळतात, म्हणून दूरच्या हिरव्यातला लेमन काढूनच टाका.

पानांमधून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा एक पायरी गडद ठेवा. नाहीतर झाडाला भोकं पाडल्यासारखी दिसतात.

अडीच तास फार होतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे तेवढ्यात जवळपास ३७ अंश. सावल्या पहिल्या १० मिनिटांत मांडा, मग हलवू नका, आणि सव्वा तासात उठा. बोर्डामागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवा. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या तैल-अभ्यासांमागे अशाच नोंदी आहेत. त्याच जागी परत बसताना त्या सोन्यासारख्या कामी येतात.

जवसतेल:
फिक्या गडद भागांबद्दल. बोर्ड तेल शोषतो, त्यात रंग पातळ करायचं टर्पेंटाइन जास्त झालं की रंगातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं तेल, खाली उतरतं आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. बर्न्ट अंबरला ही खोड सर्वांत जास्त.

३ मिमी हार्डबोर्ड घ्या, ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) ३ हात, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर बोर्ड वाकतो. शेवटच्या हातात थोडा ॲक्रिलिक बर्न्ट सिएना मिसळा. पांढऱ्यावर प्रत्येक मधला टोन गडद भासतो आणि अंदाज चुकतो. शिवाय हिरव्यांच्या फटींतून तांबूस डोकावलेलं छान दिसतं.

झालेली चित्रं वाचतील. रंग हाताला कोरडा लागला की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून फिक्या जागी बोटाने चोळा आणि १० मिनिटांनी सुती फडक्याने पुसून काढा. चिकट थर राहिला तर पुढे पिवळा पडतो. ते फडकं चुरगळून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.

ओला_पॅलेट:
आभारी आहे. ब्रश २ नंबरचा गोल वापरतो. तो चालेल?

बांधावरचा:
फांद्यांना, शेवटच्या पाच मिनिटांत. बाकी सगळं ६ आणि ८ नंबरच्या चपट्या, ताठ केसांच्या ब्रशने. ओल्यावर ओला रंग लावताना ब्रश एकदाच टेकवून उचला. तिसऱ्यांदा फिरवलात की खालचा रंग वर येऊन चिखल होतो. आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला पुसा.