ईबी-५ व्हिसासाठी पैशांची आखणी : भूखंड विकावा, बागेवर कर्ज काढावे की दोन्ही?

निफाडकर

नमस्कार. आमचा नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा भागीदारीतील कारखाना आहे, निफाड तालुक्यात वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे आणि गंगापूर रोडला माझ्या नावावर एक भूखंड आहे. एकुलती एक मुलगी १९ वर्षांची असून टेक्सासमध्ये अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिला तिथेच स्थायिक व्हायचे आहे, म्हणून अमेरिकेच्या ईबी-५ गुंतवणूक व्हिसाचा (तिथल्या प्रकल्पात पैसा गुंतवून ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळविण्याच्या मार्गाचा) विचार आम्ही गांभीर्याने करत आहोत. ग्रामीण भागातील प्रकल्पासाठी किमान ८ लाख डॉलर, म्हणजे साधारण सात कोटी रुपये लागतील.

एका सल्लागाराने सुचविले की अर्ज माझ्या नावाने करावा, त्यात पत्नी व मुलगी आपोआप येतील. भूखंड विकावा आणि कमी पडेल तेवढे बागेवर कर्ज काढावे. मी व पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत आणि कारखाना इतक्यात सोडण्याचा विचार नाही. पैसा कोणत्या क्रमाने उभा करावा आणि कोणत्या मार्गाने पाठवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सीए_कॉलेजरोड

निफाडकर साहेब, पैशांच्या आधी अर्जदार कोण हे ठरवावे, कारण बाकी सारी आखणी त्यावरच अवलंबून आहे. ग्रीन कार्ड मिळालेली व्यक्ती अमेरिकेची करदाता होते आणि तिला जगभरातील उत्पन्न तिथे दाखवावे लागते. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. उद्या आपल्या हाती ग्रीन कार्ड आले, तर निफाडच्या द्राक्षांच्या नफ्यावर अमेरिकेत कर लागेल आणि इथे कर भरलेलाच नसल्यामुळे त्याची वजावटही मिळणार नाही. शिवाय, कारखान्यासाठी आपण वर्षाचा बहुतांश काळ अंबडलाच राहणार असाल, तर ग्रीन कार्ड टिकविणेही कठीण होईल. ज्यांचा संसार आणि व्यवसाय नाशिकला राहणार आहे, त्यांनी केवळ सोबत म्हणून अमेरिकेचे करदाते होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे ती स्वतः मुख्य अर्जदार होऊ शकते आणि आईवडिलांनी भेट दिलेला पैसा गुंतवणुकीची रक्कम म्हणून चालतो. असे केल्यास तुम्हा दोघांना तिच्या अर्जातून ग्रीन कार्ड मिळणार नाही. पुढे ती नागरिक झाल्यावर, हवे असल्यास, तुमच्यासाठी अर्ज करू शकेल. अर्ज आपल्या नावाने केला, तर २१ वर्षांखालील मुलांनाच सोबत घेता येते या अटीमुळे तिच्या वयाकडे सतत लक्ष ठेवावे लागेल. मुलगीच अर्जदार असेल, तर तो प्रश्नही उरत नाही. एक गोष्ट मात्र तिथल्या वकिलाला आधी विचारावी : असा अर्ज केल्यावर स्टुडंट व्हिसाचे नूतनीकरण अवघड होऊ शकते, म्हणून सुटीत भारतात येण्याचे बेत त्यांच्या सल्ल्यानेच आखावेत.

आता पैसा पाठविण्याविषयी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठविता येतात. ही मुभा भागीदारी संस्थेला किंवा एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) नाही, त्यामुळे कारखान्याचा पैसा आधी आपल्या वैयक्तिक खात्यात नफ्याचा वाटा म्हणून रीतसर यावा लागेल. आपल्या एकट्याच्या मर्यादेत ८ लाख डॉलर पाठवायचे तर चार आर्थिक वर्षे लागतील. पत्नीची मर्यादा आपल्या गुंतवणुकीसाठी वापरू म्हटले, तर भांडवली व्यवहारात ती सहमालक असल्याशिवाय दोघांची मर्यादा एकत्र करता येत नाही. मुलगी परदेशी शिकत असल्याने फेमाखाली (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली) अनिवासी ठरते, म्हणून तुम्ही दोघे आपापल्या खात्यातून, आपापल्या मर्यादेत तिला भेट पाठवू शकता. ३१ मार्चपूर्वी दोघांचे मिळून ५ लाख आणि १ एप्रिलनंतर उरलेले ३ लाख, असे दोन आर्थिक वर्षांत काम होते.

वर्षाला दहा लाख रुपयांपलीकडील अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसा पाठवितानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते. आपल्या बाबतीत तो एकूण सव्वा कोटीहून अधिक होईल. हा पैसा बुडत नाही, प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तो अडकतो आणि त्याची तरतूद सात कोटींच्या वर करावी लागते. म्हणून भूखंडाची विक्री आणि मोठे प्रेषण एकाच आर्थिक वर्षात आणावे, म्हणजे भांडवली नफ्याचा कर आपल्या टीसीएसमधून भागेल. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्क्यांचाही हिशेब करून जो कर कमी असेल तो भरता येतो. बागेवर कर्ज काढण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. एलआरएसखाली भांडवली स्वरूपाच्या प्रेषणासाठी कर्ज देण्याची बँकांना परवानगीच नाही.

दिंडोरी_बागायतदार

वरील मुद्द्यांना धरून कागदपत्रांविषयी लिहितो, कारण माझ्या चुलतभावाच्या अर्जात सर्वाधिक वेळ त्यातच गेला. अमेरिकेचे इमिग्रेशन खाते गुंतविलेला डॉलर कायदेशीर उत्पन्नातून आला हे मुळापर्यंत तपासते, आणि आता गुंतवणुकीखेरीज द्यायच्या व्यवस्थापन शुल्काचा पैसाही त्यात धरला जातो. भूखंड विकला एवढे सांगून भागत नाही. तो घेतला तेव्हाचा पैसा कुठला, हेही विचारतात. भावाच्या फायलीत जुन्या खरेदीखताची इंडेक्स टू, सातबारा, खातेउतारा, वडिलांच्या निधनानंतरचे फेरफार, द्राक्षांच्या हिशोबपट्ट्या आणि त्या रकमा जमा झाल्याची बँकेची पाने अशी क्रमाने लावलेली होती, आणि प्रत्येक मराठी कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडलेले होते. व्यापाऱ्याने रोखीने चुकविलेला एक हंगाम त्या साखळीत बसला नाही, म्हणून ती रक्कम बाजूला ठेवावी लागली.

भूखंडाच्या व्यवहारात रोखीचा भाग घेण्याचा आग्रह झाला, तर तो ठामपणे नाकारावा. तसा पैसा मुळातच बेकायदेशीर आहे आणि या अर्जात तर तो पूर्णतः निरुपयोगी आहे. शेतीचे उत्पन्न मागील विवरणपत्रांत दाखविलेले आहे का, हेही आजच पाहून घ्यावे.

ह्युस्टन_नाशिककर

प्रकल्पाच्या निवडीविषयी थोडे. ईबी-५ मध्ये पैसा खऱ्या जोखमीवर असावा आणि त्यातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्यात, अशी अट आहे. परताव्याची हमी देणारा करार या अटीतच बसत नाही, म्हणून ठरावीक टक्के किंवा मुद्दल परत देण्याची हमी कोणी दिली, तर तिथेच थांबावे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ‘जे पीक’ (Jay Peak) नावाच्या ईबी-५ प्रकल्पात जगभरच्या गुंतवणूकदारांचा पैसा भलतीकडे वळविल्याचे प्रकरण २०१६ मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने न्यायालयात नेले होते. प्रकल्पात बँकेचे कर्ज किती, आपला क्रम परतफेडीत कितवा आणि बांधकाम प्रत्यक्षात कुठवर आले, हे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. सल्लागाराला प्रकल्पाकडून दलाली मिळते का, हेही लेखी विचारावे.

मुलीच्या नावावर भारतात म्युच्युअल फंड असतील, तर ती अमेरिकेची करदाता होण्यापूर्वी ते मोकळे करणे बरे, कारण तिथे त्यांवरील करआकारणी फार जाचक आहे. ईबी-५ विषयीच्या २०२२ च्या अमेरिकी कायद्यानुसार ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे योजना बंद पडली तरी, संरक्षण आहे. पहिले ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असते.

निफाडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलगी मुख्य अर्जदार होऊ शकते हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. पत्नीचे स्वतंत्र उत्पन्न अत्यल्प आहे. मी तिला रुपयांत भेट दिली आणि तिने पुढे मुलीला पाठविली, तर अडचण येईल का?

सीए_कॉलेजरोड

पतीपत्नीतील रुपयांतील भेट करमुक्त आहे. ती बँक खात्यातून द्यावी आणि साधे बक्षीसपत्र करून ठेवावे. तिच्या नावावर रक्कम पडून राहिली, तर तिचे व्याज आपल्या उत्पन्नात धरले जाईल, म्हणून भेट आणि प्रेषण यांत फार अंतर ठेवू नये. तिच्या खात्यातून कापलेला टीसीएस तिच्या पॅनवर जमा होईल. तिला फारसा कर भरायचा नसल्याने तो विवरणपत्र भरून परताव्यानेच मिळेल. त्यामुळे पहिल्या वर्षी हाताशी किती रोकड ठेवायची याचा हिशेब, भूखंडाच्या विसारपावतीवर सही करण्यापूर्वीच करावा.